चव उसनी, आवाज स्वतःचा

माझ्या नणंदेच्या वजनाचा विषय निघाला की प्रत्येक जण आधी एकच उपाय सांगतो, "तोंड बंद ठेवा." वन्संचं उत्तर ठरलेलं असतं, "तोंड बंद ठेवलं तर आम्हाला जेवायला तुम्ही घालणार का?" आणि त्यात खोटं काहीच नाही. फळबाजारात आमची आडत आहे. शेतकरी माल आणतो, आम्ही लिलाव करून तो व्यापाऱ्यांना विकून देतो, आणि लिलाव पुकारतात वन्सं. सासरे गेले त्याच महिन्यात त्या ओट्यावर चढल्या. बाजारात त्यांना भोंगाबाई म्हणतात, अगदी तोंडावर. नवा कुणी घाबरत घाबरत 'मॅडम' म्हणाला तर त्याच त्याला दटावतात, "भोंगा म्हणायला लाज वाटते का रे?"

त्यांचं लग्न झालं होतं, पण वर्षाच्या आत त्या परत आल्या. नवऱ्याची तक्रार होती की बायको फार मोठ्याने बोलते. मग त्यांनी जाता जाता त्याला जे काही सांगितलं ते म्हणे गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. मी या घरात आले तेव्हा त्या माहेरीच होत्या, आणि माहेरी परतलेल्या बाईने कसं कोपऱ्यात राहावं याची त्यांना कुणी शिकवणीच दिलेली नव्हती. आमचं दोघींचं सख्य विळ्या-भोपळ्याचं. मी केलेल्या भाजीला त्या नावं ठेवणार, त्यांनी आणलेल्या भाजीला मी. मधल्या मध्ये माझा नवरा, म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, ताट घेऊन बाहेरच्या खोलीत जाऊन बसणार.

तर लिलावाची पद्धत आधी सांगते, म्हणजे पुढचं भांडण कळेल. आमच्या बाजारात पुकारणारा नुसता पुकारत नाही. ढिगातलं एक फळ तो सगळ्यांसमोर कापतो, पहिली फोड स्वतः खातो आणि मगच बोली उघडतो. व्यापारी फळाकडे बघतच नाहीत, खाणाऱ्याच्या तोंडाकडे बघतात. वन्संचा चेहरा म्हणजे उघडं दुकान. फोड गोड निघाली की भुवया वर, फिकी निघाली की नाकाला सुरकुती. त्यांना लपवता येत नाही म्हणूनच आमच्या ओट्यासमोर गर्दी असते. शेजारच्या ओट्यावरचा पुकारणारा सगळ्याच फोडींना डोळे मिटून 'वा वा' करतो, त्याच्यासमोर माशा असतात.

अडचण श्वासाची सुरू झाली. बोली चढत असते तेव्हा मध्ये थांबता येत नाही. थांबलं की व्यापारी थंड पडतो, आणि थंड पडलेल्या व्यापाऱ्याला पुन्हा तापवणं महाकठीण. वन्संचा श्वास ऐन चढावर तुटायला लागला. गुडघे तर आधीपासूनच कुरकुरत होते, त्यात शुगर वाढली. बिचाऱ्यांनी काय काय नाही केलं! पहाटे चालून झालं, एकवेळ जेवून झालं, कुणी दिलेली पावडर महिनाभर पिऊन झाली. वजन थोडं उतरायचं आणि व्याजासकट परत यायचं. शेवटी शुगरचे डॉक्टर म्हणाले, "हे तुमच्या जिभेचं पाप नाही, शरीर हट्टाला पेटलंय. ऑपरेशनचा विचार करा." वन्सं घरी येऊन म्हणाल्या, "मग मीही हट्टीच आहे. बघू कोण जिंकतं."

सर्जनकडे आम्ही तिघं गेलो. माणूस चांगला होता, पण पहिलाच प्रश्न त्यांनी ह्यांना विचारला, "ताईंचं वजन कधीपासून वाढलंय?"

वन्संनी टेबलावर बोटं वाजवली. "डॉक्टर, पोट इकडे आहे."

डॉक्टर चपापले, हसले आणि खुर्ची वळवून त्यांच्याशी बोलायला लागले. समोरच्या कागदावर त्यांनी चित्रं काढली. पोटात फुगा ठेवता येतो, पण तो काही महिन्यांनी काढावा लागतो आणि पुष्कळांचं वजन मग परत येतं. पोटाला पट्टा बांधता येतो, पण हल्ली तो फारसं कुणी बांधत नाही. राहिली दोन. एक स्लीव्ह, त्यात जठराचा मोठा भाग कापून काढून टाकतात, उरतं ते सदऱ्याच्या बाहीसारखं निमुळतं. दुसरं बायपास, त्यात जठराच्या वरच्या टोकाची लहानशी पिशवी करतात आणि आतडं पुढून आणून तिला जोडतात, म्हणजे अन्न मधला रस्ता टाळून पुढे जातं.

"म्हणजे एकात गोदाम लहान, आणि दुसऱ्यात गोदामही लहान अन् रस्ताही वळवलेला," वन्सं म्हणाल्या.

"अगदी तसंच," डॉक्टर म्हणाले. "छातीत जळजळ होते का? आंबट पाणी वर येतं?"

"नाही."

"आवाज बसलाय तुमचा."

"बसलेला नाही, कमावलेला आहे!" वन्संनी छाती पुढे काढली. "लिलाव पुकारते मी. ज्याचा घसा फाटला नाही त्याने माल विकलाच नाही, असं म्हणतात आमच्यात."

त्या काही खोटं बोलत नव्हत्या हो. बाजारात खरंच तसं मानतात. घसा जितका खरखरीत तितका पुकारणारा जुना आणि मुरलेला. सगळे गालात आल्याचा तुकडा धरून फिरतात आणि एकमेकांना आपला बसलेला आवाज मिशीला पीळ दिल्यासारखा ऐकवतात. आंबट पाणी वर आलं तर 'काल फळं फार खाल्ली', ठसका लागला तर 'धूळ आहे बाजारात'. इतकी वर्षं तिथे काढलेल्या बाईला आजार दिसणार कुठून?

डॉक्टर म्हणाले, मग स्लीव्ह करू, सरळ आहे. ह्यांनी सुटकेचा श्वास सोडला. आतड्याला हात लावायचा नाही म्हटल्यावर ह्यांना बरं वाटलं. माझ्या चुलत जावेचंही स्लीव्हच झालंय आणि ती आता जिने धावत चढते. सगळं ठरल्यासारखं झालं आणि मला राहवेना.

"डॉक्टर, या भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपतात," मी म्हटलं. "आडव्या झाल्या की ठसका लागतो. आणि सकाळी उठल्यावर कितीतरी वेळ शब्द फुटत नाही, चहासुद्धा खुणेने मागतात."

वन्संनी माझ्याकडे असं पाहिलं की दुसरी कुणी असती तर खुर्चीखाली गेली असती. "सांग, घरातलं सगळं सांगून टाक! यांनी पगारावर ठेवलंय का तुला?"

पण डॉक्टरांचं पेन थांबलं होतं. ते म्हणाले, दुर्बिणीने तपासायचंच होतं, आता जरा नीट बघतो. दोन दिवसांनी तपासणी झाली. त्यांनी पडद्यावर फोटो दाखवला. अन्ननलिकेचा खालचा भाग लालभडक होता, जागोजागी सोलवटलेला. पोटातलं आम्ल वर येत होतं, पार घशापर्यंत. आवाज पुकारून बसत होता तेवढाच तो रोज भाजूनही निघत होता.

"आता स्लीव्ह नको," डॉक्टर म्हणाले. "स्लीव्हनंतर हे आणखी वाढायची भीती आहे. तुमचा घसा राखायचा तर बायपास."

वन्सं फोटोकडे बघत राहिल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "म्हणजे मी ज्याची मिजास करत होते तो रोग होता?" घरी येताना रस्ताभर त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मला त्यांचा इतका राग येतो एरवी, पण त्या दिवशी कुणीतरी त्यांना डिवचावं आणि त्यांनी खेकसावं असं फार वाटत होतं.

एवढ्यावर निभावलं असतं तर मी ही गोष्ट सांगायला बसलेच नसते. दुसऱ्या खेपेला आहार सांगणाऱ्या बाईंनी बायपासनंतरचे नियम सांगितले. जन्मभर जीवनसत्त्वाच्या गोळ्या. गुडघा दुखला म्हणून नेहमीच्या दुखण्याच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत, त्या लहान पिशवीत जखम होते. आणि गोड जपून. रिकाम्या पोटी भसकन गोड गेलं तर छाती धडधडते, घाम फुटतो, चक्कर येते, आडवं व्हावं लागतं.

"फळ?" वन्संनी विचारलं.

"फळ चालेल, जेवणाबरोबर, थोडं थोडं."

"आणि सकाळी, रिकाम्या पोटी, एकामागून एक? पिकलेली खरबुजं, द्राक्षं, संत्री?"

बाईंना वाटलं ही खादाड आहे. मी धंद्याची पद्धत समजावून सांगितली तेव्हा त्या उठून डॉक्टरांना बोलावून आल्या. डॉक्टर म्हणाले, सगळ्यांनाच त्रास होतो असं नाही, पण असं खाणार असाल तर मी हमी देणार नाही. "चव घेऊन थुंकून टाकलं तर?" त्यांनी विचारलं.

"शेतकरी समोर उभा असतो, डॉक्टर. त्याने पिकवलेलं त्याच्यासमोर थुंकायचं? त्यापेक्षा त्याच्या तोंडात मारलेलं बरं."

म्हणजे बघा कशी कोंडी झाली. स्लीव्ह करावं तर फोड खाता येईल, पण आवाज जाईल. बायपास करावं तर आवाज राहील, पण फोड खाता येणार नाही. आणि काहीच नाही केलं तर श्वास आणि शुगर मिळून काही वर्षांत दोन्ही नेणार. ओट्यावर उभं राहायला तर दोन्ही लागतं.

घरी रणकंदन माजलं. ह्यांचं म्हणणं, स्लीव्हच कर, जळजळीला गोळ्या आहेत. "रोज गोळी घ्यायची, काय बिघडतं?"

"गोळीने जळजळ दबेल. डॉक्टर म्हणाले, पाणी वर यायचं थांबेलच असं नाही. तू ऐकत होतास की भिंतीवरचं घड्याळ बघत होतास?"

"मग चुलत वहिनीचं कसं झालं छान?"

"तिला जन्मात आंबट ढेकर आला नव्हता. तिचं तिला लखलाभ. तिची चप्पल मला बसते का?"

मग हे मुळाशी आले. घसा खाकरून म्हणाले, "नाहीतर असं कर ताई, तू आता माल उतरवून घेण्याचं बघ. ओटा मी सांभाळतो."

मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. मला ऐकायचंच होतं.

"तू मागे एकदा चढला होतास," वन्सं शांतपणे म्हणाल्या. "तिसऱ्या ढिगाला आवाज फाटला तुझा. मग बोटं दाखवायला लागलास. लोकांना वाटलं पाणी मागतोयस, तिघांनी तांब्या आणला."

हे चिडले. "मी तुझ्या काळजीने बोलतोय!"

"माहितीये रे. काळजी आहेच तुला. पण काळजीच्या पोटात ओटा आहे तोही मला दिसतोय."

दोन्ही खरं होतं. माझा नवरा वाईट नाही. बहिणीला ऑपरेशनच्या टेबलावर बघायला तो खरंच घाबरला होता. आणि इतकी वर्षं ओट्याखाली उभं राहून त्याला वर चढावंसं वाटत होतं, हेही मी त्याची बायको असून सांगते. माणसाच्या मनात एकाच वेळी दोन-दोन गोष्टी असतात, त्याला कोण काय करणार.

बाजारात भिंतींनाही कान आणि कानांना तोंडं. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे एक व्यापारी आहे, त्याला सगळे चिकट्या म्हणतात, कारण दर एका पैशाने वाढवायलाही तो असा कण्हतो की जणू दाढ काढतायत. तो लिलाव संपल्यावर ओट्यापाशी आला. "भोंगाबाई, ऐकलं ते खरं का? कापून घेणार आणि मग फळ खाणार नाही? ऐका, न खाता पुकारणार असाल तर मी शेजारच्या ओट्यावर जाईन. आणि मी गेलो की बाकीचे येतील मागून."

"जा की," वन्सं म्हणाल्या. "तिथे माशा मारायला माणूस हवाच आहे."

बोलल्या झोकात, पण तो गेल्यावर रिकाम्या क्रेटवर बसल्या त्या बसूनच राहिल्या. हमाल झाडलोट करून निघून गेले. ओल्या फरशीवर सालं आणि पेंढा, वर पत्र्यावर कबुतरं. हे एका बाजूला, मी एका बाजूला. शेवटी मीच म्हटलं, "वन्सं, डॉक्टरांना उद्या सांगायचंय. काय ते ठरवा. आणि आमच्या तोंडाकडे बघून ठरवू नका, तुमचं तुम्ही ठरवा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नुसतं नाही, खरबूज निवडताना बघतात तसं निरखून.

"बायपास," त्या म्हणाल्या. "ठरलं. चव काय, उसनी घेता येते. आवाज कुणाकडून उसना आणू? माझ्या गळ्यातून दुसरं कुणी पुकारणार आहे का?"

"चव उसनी कुणाकडून घेणार?" ह्यांनी विचारलं.

वन्संनी माझ्याकडे बोट केलं. "हिच्याकडून. हिच्या जिभेला हाड नाही, पण चव आहे. दूध कालचं की आजचं, हे पेल्याला ओठ लावून सांगते. आणि तोंडावर तर काही म्हणजे काही लपत नाही. माझी भाजी खाताना बघितलंय मी हिला, दारातून तिरडी निघाल्यासारखं तोंड करते."

मी उसळले! "मला विचारलंत? मी काय तुमच्या घरची तागडी आहे, वाटेल तेव्हा उचलायची? शंभर पुरुषांसमोर मी फोडी खात उभी राहू?"

"लाज वाटते?"

"लाज कसली? पण आधी विचारायची पद्धत असते!"

"बरं, विचारते. खाशील का बाई?"

वन्संनी मला काही विचारायची ही माझ्या लग्नानंतरची पहिली वेळ. मी म्हटलं, "खाईन. पण मला जे वाटेल ते तोंडावर येईल. आपला शेतकरी, आपलं गिऱ्हाईक, असलं काही मी बघणार नाही."

"म्हणून तर तुला म्हणतेय," त्या म्हणाल्या. हे तोंड फिरवून कबुतरं बघायला लागले.

ऑपरेशन नीट झालं. बायपास म्हटल्यावर शेजारीण 'हृदयाला काय झालं हो?' करत भेटायला आली, तिला वन्सं म्हणाल्या, "हृदयाला काही झालेलं नाही, ते आधीपासूनच दगड आहे." पण पुढचे आठवडे हसण्यासारखे नव्हते. घोट घोट पाणी, घोट घोट सूप. एकदा दोन चमचे घाईने गेले आणि सगळं उलटून आलं. केस मूठ मूठ गळले. आरशासमोर उभ्या राहून त्या म्हणाल्या, "अगं, वजनाबरोबर डोकंही जातंय की काय!" आणि एकदा, भांडी घासता घासता मी वळून बघितलं तर त्या टेबलाशी बसून रडत होत्या. म्हणाल्या, "भूक नाही लागत. मला भूक लागायची ते मला आवडायचं." मी हात पुसले आणि शेजारी जाऊन बसले. ऑपरेशन म्हणजे जादू असं जे सांगतात त्यांनी ते आठवडे बघायला हवे होते.

तोवर ओटा ह्यांच्याकडे होता. माझ्या मदतीला ह्यांनी नकार दिला, बायकोने लिलावात तोंडं वेडीवाकडी करायची म्हणजे काय! फोड स्वतः खायचे. पण ह्यांच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही उमटत नाही. कच्चं कारलं दिलं तरी तोच चेहरा. चिकट्या बोलल्याप्रमाणे शेजारी गेला आणि मागून निम्मे गेले.

काही महिन्यांनी डॉक्टरांनी दुर्बीण घालून बघितलं, अन्ननलिका भरून आली होती. शुगर उतरली होती, गोळ्या कमी झाल्या होत्या. वन्सं आता आडव्या होऊन झोपत होत्या. इतके दिवस घसा जपायला सांगितलं म्हणून त्या घरात हळूच बोलायच्या, तेव्हा आम्हाला कुणालाच काही कळलं नव्हतं. कळलं ते त्या पुन्हा ओट्यावर चढल्या त्या सकाळी.

बातमी लागली होतीच. चिकट्याही येऊन उभा होता, मजा बघायला. वन्सं चढल्या. मागोमाग सुरी घेऊन मीही. जुनी साडी त्यांच्याभोवती दोन वेढे जास्त फिरली होती, पण पाय तसेच रोवलेले. त्यांनी हात वर केला आणि पुकारलं, "या, या, खरबूज बघा!"

सगळा बाजार वळला. तो आवाज भोंग्याचा नव्हता. खरखर गेली होती. उंच, मोकळा, स्वच्छ आवाज, एखाद्या तरुण पोरीचा असावा तसा. मी तो कधीच ऐकलेला नव्हता. ह्यांनी ऐकलेला असावा, कारण ह्यांचे डोळे एकदम भरून आले. "ताईचा... लहानपणीचा..." असं काहीतरी पुटपुटले.

आणि बाजार हसला. अगदी खो खो हसला. चिकट्या ओरडला, "अरे, भोंगा गेला आणि पिपाणी आली!"

माझ्या अंगाची आग झाली. खाली उतरून त्याच्या थोबाडीत द्यावी असं वाटलं. वन्सं मात्र कमरेवर हात ठेवून हसणं संपायची वाट बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "झालं हसून? ऐकू आलं ना शेवटच्या माणसापर्यंत? आवाजाला काय करायचंय, ऐकू आल्याशी कारण! वहिनी, काप."

त्या मला नेहमी 'अगं' किंवा 'ए' म्हणतात. मी लहान, वहिनी म्हणायचं कारणच नाही. पण तिथे, सगळ्यांसमोर, त्यांनी मला वहिनी म्हटलं. मी खरबूज कापलं, फोड तोंडात टाकली. फिकं होतं हो. पाणी नुसतं. शेतकरी पुढ्यातच उभा, आमचा जुना माणूस. मला त्याच्याकडे बघवेना, पण तोंड व्हायचं ते झालंच.

"फिकं आहे," वन्सं पुकारल्या. "सलाडवाल्यांनो, तुमचं आहे, बोला!" शेतकऱ्याने कपाळाला हात लावला, पण दोन हॉटेलवाल्यांनी ढीग उचलला, आणि माल पडून राहिला असता त्यापेक्षा बरा गेला. दुसऱ्या ढिगाची फोड खाल्ली आणि मला काही बोलावंच लागलं नाही. इतकी गोड, की मी मान खाली घालून दुसरी फोड कधी उचलली मलाच कळलं नाही. लोक हसले, पण आता वेगळं हसले. पहिली बोली चिकट्याची आली. कण्हत का होईना, आली.

आमच्यात शेवटचे ढीग नेहमी मातीमोल जायचे. तोवर वन्संचा घसा पुरता बसलेला असायचा, मागच्यांना ऐकू जायचं नाही, व्यापारी पांगायचे. शेतकरी पहिल्या नंबरासाठी भांडायचे आणि ज्याला भांडता यायचं नाही तो मागे पडायचा. त्या दिवशी मागे एक म्हातारी होती, थोडीशीच संत्री घेऊन बसलेली, मिळेल ते घेऊन जायचं अशा बेताने आलेली. तिचा ढीग आला तेव्हा ऊन पत्र्यावर चढलं होतं. वन्संनी पुकारलं, आणि आवाज सकाळी होता तसाच्या तसा, फाटकाजवळ गाडीत माल भरणारे दोघे व्यापारी हातातलं टाकून परत आले. दोघांत चढाओढ लागली. बोली चढत गेली, चढत गेली, आणि वन्संचा श्वास एकदाही तुटला नाही. म्हातारी तोंड उघडं टाकून कधी याच्याकडे तर कधी त्याच्याकडे बघत होती.

मला रडू आलं. का ते विचारू नका, तोंडात संत्र्याची फोड होती आणि मी रडत होते. हे ओट्याजवळ आले, वर हात केला आणि म्हणाले, "ताई, झालं. दमली असशील. उतर, बस जरा."

वन्सं घामाने निथळत होत्या. त्यांनी पदराने तोंड पुसलं.

"बसायला नाही पोट कापून घेतलं मी," त्या म्हणाल्या. "आणखी कुणाचा माल राहिलाय का बघ."